साडेतीन हजारांच्या खाली नाही

ढगात शिरलेल्या वैमानिकाने कुठल्या उंचीच्या खाली येऊ नये, हे मी उज्जैनमध्ये जवळजवळ तीन वर्षं शिकवलं. शिकवू लागले तोपर्यंत मी स्वतः जमिनीपासून सगळ्यात वर गेले होते ती फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत, तेही टाकी धुवायला. हे मी कोणापासून लपवलं नव्हतं. मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. पण ते दिवसच असे होते की कोणाला कशाचंच काही वाटत नव्हतं. देशाची दारं उघडली असं रोज पेपरात येत होतं आणि आमच्या गावातल्या प्रत्येक हुशार माणसाची खात्री होती की ती नेमकी त्याच्या दुकानासमोर उघडली आहेत.

आमचे डायरेक्टर त्यांतलेच एक. वडिलांची सोयाबीन तेलाची गिरणी होती. यांनी आधी केबल टीव्ही काढला, मग एसटीडी बूथ, मग कॉम्प्युटर क्लास, आणि तिन्हींतून उरलेला उत्साह घेऊन शहराबाहेरच्या हवाईपट्टीवर विमान शिकवायची संस्था सुरू केली. विमान एकच, दोन माणसांचं, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठं. ऑफिस टावर चौकात, एका मिठाईच्या दुकानावर. जाहिरातीत 'नेव्हिगेशन शिकवायला गणिताचा पदवीधर पाहिजे' असं होतं. मी गणितात एम.एस्सी. करून कॉलेजच्या जागेची वाट पाहत होते. ती जागा दर वर्षी निघायची होती आणि दर वर्षी निघत नव्हती.

"मैडम, जहाज़ में बैठी हैं कभी?" डायरेक्टरांनी विचारलं.

"नहीं."

"कोई बात नहीं. मैं भी नहीं बैठा."

एवढ्यावर माझी नेमणूक झाली. घरी आईने विचारलं, यात पडायचा धोका किती? मी म्हटलं, मी जमिनीवरच शिकवणार आहे. मग ती म्हणाली, "तर मग ठीक आहे, पण तिकडे मोकळ्यावर वारा असतो, स्वेटर नेत जा."

विमान प्रत्यक्ष चालवायला शिकवायचे ते कॅप्टनसाहेब. ग्वाल्हेरचे मराठी, हवाई दलातून निवृत्त, पांढऱ्या मिशा आणि इस्त्रीचा शर्ट. माझ्या वर्गाबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी कळलं.

"बाई, तुमचं गणित परीक्षेपुरतं. मी रेल्वेचे रूळ बघत नागद्याला जातो आणि तेच रूळ बघत परत येतो."

"आणि ढग असले तर?"

"तर मी घरी असतो."

या विषयावर पुढे मी इंग्रजीतली बरीच जाड पुस्तकं वाचली. इतकं बिनचूक उत्तर एकाही पुस्तकात सापडलं नाही.

मग डायरेक्टर सिंगापूरला जाऊन आले. येताना त्यांनी अत्तरं आणली, एक इलेक्ट्रिक किटली आणली आणि उपग्रहांवरून आपली जागा सांगणारं एक यंत्र आणलं. टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडं जाड. महाकालाच्या तसबिरीसमोर ते ठेवून नारळ फुटला, सगळ्यांना पेढे मिळाले, आणि बटण दाबल्यावर यंत्राने काहीही दाखवलं नाही. डायरेक्टरांचा चेहरा पडला. त्याला मोकळं आभाळ लागतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून सगळी वरात गच्चीवर गेली. तिथे मिठाईवाल्याच्या धुतलेल्या कढया उन्हात पालथ्या घातल्या होत्या. त्यांच्यामध्ये आम्ही यंत्राभोवती गोल करून उभे राहिलो. दहा मिनिटांनी आकडे आले.

"ख़ुद सैटेलाइट बता रहा है कि हम टावर चौक में हैं," डायरेक्टर म्हणाले. आवाज खरोखर भरून आला होता. हीच माहिती खालचा पानवाला रोज फुकट देत असे, पण तो सिंगापूरहून आलेला नव्हता.

मी ते आकडे घरी नेले. बाबा पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. नकाशा दिसला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर येई. नकाशावर खूण केली तर यंत्राने आम्हाला टावर चौकातून उचलून भलत्याच गल्लीत ठेवलेलं. बाबा म्हणाले, "यात यंत्राची चूक नाही आणि नकाशाचीही नाही. मोजायच्या आधी पृथ्वीचा आकार धरून चालावा लागतो. आपल्या जुन्या नकाशांनी एक धरलाय, यंत्राने दुसरा." यंत्रात त्यासाठी एक सेटिंग होतं. ते बदललं तेव्हा आम्ही बरेचसे चौकात परतलो. बरेचसेच, कारण त्या काळी उपग्रहांचे मालक बाकीच्या जगासाठी आकड्यांत मुद्दाम थोडी चूक मिसळत असत. उंचीच्या बाबतीत तर कहरच होता. एकाच गच्चीची उंची सकाळी एक यायची आणि दुपारी शंभर-दीडशे फुटांनी वेगळी. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की जागा यंत्राला विचारा, उंची विचारू नका. उंचीसाठी विमानात हवेच्या दाबावर चालणारं जुनं अल्टिमीटर असतं, ते पाहा. डायरेक्टरांनी ते वाचलं आणि एवढ्या महागाच्या यंत्राचा फळ्यावर जाहीर अपमान करू नये असं सुचवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना मोठी बातमी लागली. भोपाळला बाहेरदेशीचे काही उद्योगपती येणार होते आणि एक वजनदार पुढारी त्यांना छोट्या भाड्याच्या विमानाने उज्जैनला आणणार होता. कारखान्यासाठी जागा दाखवायची, महाकालाचं दर्शन घडवायचं आणि जेवून परत. जुलै महिना. डायरेक्टरांनी ठरवलं की पाहुणे आमच्या पट्टीवरच उतरतील आणि तेही उपग्रहाच्या मदतीने. त्यासाठी रंगीत माहितीपत्रक निघणार होतं. त्यात उज्जैन म्हणजे पूर्वी ज्योतिषी जिथून रेखांश मोजत ती जगाची शून्य रेखा, आणि आता आमची संस्था, असा थेट संबंध जोडलेला होता. मधली दीड-दोन हजार वर्षं जागेअभावी गाळली होती.

"मैडम, इसमें एक डिब्बा रहेगा," ते म्हणाले. "मिनिमम सेफ़ ऑल्टिट्यूड. आप निकाल के दीजिए."

ही किमान सुरक्षित उंची काढणं तसं सोपं आहे. विमान ढगात असलं की वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरची यंत्रं दिसतात. तेव्हा कुठल्याही दिशेने आला तरी कशाला धडकणार नाही अशी एक उंची त्याला आधीच सांगून ठेवायची. धावपट्टीभोवती पंचवीस नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे शेहेचाळीस किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. त्यातली सगळ्यात उंच वस्तू शोधायची, मग तो डोंगर असो, चिमणी असो की मनोरा. तिच्या टोकावर हजार फूट घालायचे आणि बेरीज वरच्या शंभरात न्यायची. मोठ्या विमानतळांवर त्याच्याही खाली टप्प्याटप्प्याने उतरण्याचे सरकारमान्य मार्ग आखलेले असतात. आमच्या पट्टीला तसा मार्ग नव्हता. म्हणून आमच्याकडे ढगातून त्या उंचीपर्यंत यायचं, जमीन दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर मुकाट्याने इंदूर गाठायचं.

आमच्या वर्तुळात सगळ्यात उंच होती ती मक्सीच्या बाजूची एक टेकडी. भोपाळहून येणारं विमान नेमकं तिच्यावरूनच येणार. नकाशात तिची उंची होती बावीसशे दहा फूट, समुद्रसपाटीपासून. पण कॅप्टनसाहेब सहज म्हणाले की तिच्यावर हल्ली कसलासा लोखंडी मनोरा दिसतो, आधी नव्हता. पेजर आणि मोबाइलवाल्यांचे मनोरे तेव्हा पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते. नकाशा मात्र माझ्या जन्माच्या आधीचा होता.

मे महिन्यातल्या एका सकाळी बाबांच्या स्कूटरवर आम्ही दोघं मक्सीला गेलो. बाबांनी सोबत मोजायची फीत घेतली, ड्रॉइंगचा पंचेचाळीस अंशांचा मोठा गुण्या घेतला आणि त्याला दोऱ्याने एक ओळंबा बांधला. टेकडीचा माथा ताटासारखा सपाट होता. बाबा गुण्या डोळ्याला लावून मागे मागे सरकत गेले आणि मी दोरा सरळ आहे की नाही ते सांगत राहिले. मनोऱ्याचं टोक गुण्याच्या तिरक्या कडेवर आलं तिथे ते थांबले.

"आता इथपासून पायथ्यापर्यंतचं अंतर, अधिक माझ्या डोळ्याची उंची," ते म्हणाले, "म्हणजेच मनोरा. कोणाला सांगू नकोस, नाहीतर तुझ्या एम.एस्सी.चं काय राहिलं?"

अडीचशे फूट भरला. मी तिथल्या चौकीदाराला विचारलं, काम पूर्ण झालं का. "ठेकेदार तो यही बोल के गया है," तो म्हणाला. बावीसशे दहा आणि अडीचशे, चोवीसशे साठ. त्यावर हजार, म्हणजे तीन हजार चारशे साठ. वरच्या शंभरात नेलं की साडेतीन हजार. मी तो आकडा सुवाच्य अक्षरात लिहून ऑफिसात दिला.

"साढ़े तीन हज़ार?" डायरेक्टर म्हणाले. "पट्टी तो सोलह सौ पर है."

"जी."

"और जुलाई में बादल कहाँ तक आते हैं?"

"कभी-कभी ढाई हज़ार तक."

"तो ढाई हज़ार कर दीजिए."

मी समजावलं की हा आकडा ढगांना विचारून ठरत नाही, टेकडीला विचारून ठरतो. मनोऱ्याचं टोक चोवीसशे साठवर आहे, अडीच हजारांवरून जाणारं विमान त्याच्या चाळीस फूट वरून जाईल. तेही सगळं अगदी बरोबर असलं तर.

"चालीस फ़ुट बहुत होता है, मैडम. ट्रक वाले पुलिया के नीचे से छह इंच में निकाल लेते हैं. और फिर सैटेलाइट किसलिए है?"

"सैटेलाइट बताएगा कि हम कहाँ हैं. नीचे क्या खड़ा है, उसे नहीं मालूम."

डायरेक्टरांनी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. कॅप्टनसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता, त्यात पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण ते बराच वेळ पाहत राहिले.

जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"बाई, या वयात मला विमान हातात देणारा हा एकच माणूस आहे," ते म्हणाले आणि मिठाईच्या दुकानातून कचोरी घ्यायला वळले. त्या दिवशी मला त्यांचा खूप राग आला. इस्त्रीच्या शर्टाचाही आला.

माहितीपत्रक छापून आलं. मुखपृष्ठावर महाकालाचं शिखर आणि त्यावरून उडणारं चार इंजिनांचं जम्बो जेट. ते आमच्या पट्टीवर उतरलं असतं तर थेट शेजारच्या गावात जाऊन थांबलं असतं. आत डब्यात ठळक छापलं होतं: किमान सुरक्षित उंची, २५०० फूट. त्याच्या प्रती भोपाळला रवाना झाल्या. मी राजीनामा द्यायचं ठरवलं, एक अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. दिला नाही. असा राजीनामा दिल्याने टेकडीवरचा मनोरा खाली येणार नाही असं मी स्वतःला सांगितलं. हे धैर्य होतं असं मी म्हणणार नाही. कॉलेजची जागा त्याही वर्षी निघालेली नव्हती.

तो दिवस उजाडला तोच राखाडी. पट्टीशेजारी शामियाना, बाजूला लग्नातला बॅन्ड लाल कोट घालून तयार, टेबलावर पाहुण्यांना द्यायच्या भैरवगढच्या छापाच्या चादरी घड्या करून. पाऊस नव्हता, पण ढग असे बसले होते की कोणी झाकण ठेवावं तसं वाटत होतं. पट्टीच्या कडेला पत्र्याची एक खोली, तिच्यात रेडिओ सेट. त्यासमोर कॅप्टनसाहेब, बाजूला हवामानाची वही घेऊन मी, आणि साडेदहाच्या सुमाराला नवा सफारी घातलेले डायरेक्टर आत आले.

थोड्या वेळाने विमानातून रेडिओवर आवाज आला. वैमानिक शांतपणे, इंग्रजीत बोलत होता. ढग कुठपर्यंत आहेत, त्याने विचारलं. कॅप्टनसाहेबांनी सांगितलं, पट्टीपासून नऊशे फुटांवर तळ आहे.

"मतलब ढाई हज़ार पर आते ही सब साफ़," डायरेक्टर हळूच म्हणाले. सोळाशे अधिक नऊशे, पट्टीपुरतं ते खरंही होतं. गिरणीच्या हिशेबात वाढलेला माणूस, बेरजेत चुकत नसे.

वैमानिक पुन्हा बोलला. तुमच्या माहितीपत्रकात किमान सुरक्षित उंची अडीच हजार दिली आहे, माझ्या नकाशात मक्सीजवळची टेकडीच बावीसशेच्या वर आहे. हा आकडा पक्का आहे का?

"बोल दीजिए, पक्का है," डायरेक्टर म्हणाले.

कॅप्टनसाहेबांनी माइकचं बटण दाबलं. खरखर ऐकू आली, पण ते बोलले नाहीत. बटण सोडलं, खुर्ची मागे सरकवली आणि माइक माझ्या हातात दिला.

"बाई, गणित तुमचं आहे," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."

मी आयुष्यात कधी त्या रेडिओवर बोलले नव्हते. बटण दोनदा निसटलं. डायरेक्टर माझ्याकडे पाहत होते, रागाने नाही, जरा विनवणी केल्यासारखे, आणि ते जास्त अवघड होतं. मी बोलले. अडीच हजार हा आकडा वापरू नका. टेकडीवर नवा मनोरा आहे, त्याचं टोक चोवीसशे साठ फुटांवर आहे. किमान सुरक्षित उंची साडेतीन हजार.

मग प्रश्न आला, "हे मोजलं कोणी?"

"मी मोजलं," मी म्हटलं. कशाने, ते त्याने विचारलं नाही, आणि मीही गुण्याचा विषय काढला नाही.

"समजलं. मी साडेतीन हजारांवर आहे आणि पूर्ण ढगात आहे. पट्टीवरून पुढे इंदूरला जातो."

थोड्याच वेळात विमान आमच्या डोक्यावरून गेलं. दिसलं काहीच नाही, नुसता आवाज, आधी लांब मग अगदी वर. बॅन्डवाल्यांना आवाज आल्यावर वाजवायला सांगितलेलं होतं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. शामियान्यातले लोक हार घेऊन उठले आणि मान वर करून पाहत राहिले. ढगाचं जंगी स्वागत झालं. आवाज इंदूरच्या दिशेने विरत गेला तरी बॅन्ड चालूच होता, कारण थांबा असं सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मैडम," डायरेक्टर अगदी हळू म्हणाले, "आज आपने पूरे उज्जैन की इंडस्ट्री वापस भेज दी."

मी पत्र्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले. पर्समधला अर्ज आता कामी येईल असं वाटलं.

तो लागला नाही. पाहुणे इंदूरहून मोटारींनी आले, रस्त्याने हाडं खिळखिळी होऊन आणि कडकडून भुकेले. तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांवर, आमच्या दाल-बाफल्यांवर, ते असे तुटून पडले की एका परदेशी गृहस्थांनी तुपाची वाटी तोंडाला लावली. विमानाचा वैमानिकही सोबत आला होता. उंच, विरळ केसांचा माणूस. त्याने जेवायच्या आधी विचारलं, रेडिओवर कोण होतं?

डायरेक्टर एका पावलात माझ्याशेजारी आले. "ये हमारी सेफ़्टी इंचार्ज हैं. मैंने ही बोल रखा था, सेफ़्टी में कोई समझौता नहीं."

अशा रीतीने मला एका वाक्यात बढती मिळाली. वैमानिकाने खिशातून आपला नकाशा काढला, माझ्याकडून मनोऱ्याची जागा आणि उंची विचारून पेन्सिलीने त्यावर टिपली. मग म्हणाला, "तुमच्या माहितीपत्रकावर विसंबून मी खाली आलो नसतो. पण खरा आकडा काय ते मला माहीत नव्हतं." एवढं बोलून तो जेवायला बसला. त्याने मला काही मोठं प्रशस्तिपत्र दिलं नाही, पण त्या पेन्सिलीच्या खुणेने मला जितकं बरं वाटलं तितकं एम.एस्सी.च्या निकालानेही वाटलं नव्हतं. कारखाना पुढे दुसऱ्याच गावी निघाला. त्याचं कारण मी आहे, असं डायरेक्टर काही दिवस सांगत. मग तिकडे पाणी जास्त होतं असं पेपरात आलं आणि त्यांनी ते बंद केलं.

कॅप्टनसाहेबांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, की माइक माझ्या हातात का दिला.

"मी सांगितलं असतं तर डायरेक्टर म्हणाले असते, म्हातारा घाबरला. तुम्ही आकडा सांगितलात. आकड्याशी काय भांडणार?"

हे खरं होतं की नुसतं सोयीचं होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्यांनी बटण दाबून 'पक्का आहे' म्हटलं नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पुष्कळ लोकांनी म्हटलं असतं.

ऑक्टोबरात आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, "चला बाई, तुमचा आकडा दाखवतो." मी पहिल्यांदा विमानात बसले. विमान इतकं थरथरत होतं की मला आमच्या जुन्या मिक्सरची आठवण झाली. पट्टी खाली सुटली, शिप्रेचा वाकडातिकडा पट्टा दिसला, शेतं, देवास रोडवरचे ट्रक काडेपेटीएवढे. साडेतीन हजारांवर विमान सरळ झालं. मे महिन्यात कागदावर काढलेला आकडा म्हणजे प्रत्यक्षात ही एवढी जागा, हे मी काचेला नाक लावून पाहत राहिले. भीती होती, पण उतरावंसं वाटायला लावणारी नव्हती.

मक्सी जवळ आली तशी मी टेकडी ओळखली. मनोरा मात्र ओळखीचा वाटेना. टोकाला लाल दिवा होता आणि त्याच्या खालचा भाग नव्या रंगाचा, बाकीच्यापेक्षा चकचकीत. कॅप्टनसाहेबांनी एक फेरी मारली.

"उंच वाटतोय," मी म्हटलं.

"वाटतोय नाही, झालाय," ते म्हणाले.

त्याच रविवारी बाबा आणि मी पुन्हा गेलो. बाबांनी तीन वेळा मोजलं, एकदाही विनोद केला नाही. तीनशे फूट. तोच चौकीदार होता. हा वरचा तुकडा कधी बसवला, मी विचारलं.

"जून में, बारिश के पहले. ठेकेदार बोला था न पूरा हो गया, फिर साहब लोग आए, बोले और चाहिए."

मी तिथेच खडकावर बसले. जूनमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या आधी. त्या दिवशी मनोऱ्याचं टोक अडीच हजार दहा फुटांवर होतं. मी ज्या चाळीस फुटांवरून डायरेक्टरांशी भांडले होते ते चाळीस फूट अस्तित्वातच नव्हते. अडीच हजारांवरून आलेलं विमान टोकाच्या दहा फूट खालून आलं असतं. आणि माझा स्वतःचा अभिमानाचा आकडाही त्या दिवशी शिळा होता. रेडिओवर मी ठासून सांगितलेली मनोऱ्याची उंची चूक होती. विमान वाचलं ते मी हुशार म्हणून नाही. कोणीतरी कधीतरी त्या नियमात हजार फूट जास्तीचे ठेवले, माझ्यासारख्यांसाठी, म्हणून वाचलं. त्या वैमानिकाला मी भाड्याच्या विमानवाल्यांच्या पत्त्यावर दुरुस्त आकडा त्याच आठवड्यात कळवला. उत्तर आलं नाही.

सोमवारी मी हे सगळं डायरेक्टरांना सांगितलं. ते पाणी प्यायले. पाणी प्यायले.

"लेकिन लगा तो नहीं न," शेवटी म्हणाले.

"नहीं लगा."

"अब कितना लिखना है?"

"छत्तीस सौ."

"मैडम, इस रफ़्तार से साल भर में आप जहाज़ को चाँद पर पहुँचा देंगी." पण त्याच दुपारी त्यांनी ३६०० असा रबरी शिक्का करून आणला, आणि उरलेल्या प्रत्येक माहितीपत्रकावर मी जुना आकडा खोडून तो मारला. शाई निळी होती आणि जम्बो जेटच्या पंखापर्यंत फुटायची. त्यानंतर माझ्या वर्गात पहिला धडा बदलला. कुठलाही आकडा दिसला की आधी विचारायचं, हा कोणी मोजला आणि कधी. मुलांना हे परीक्षेत येत नाही म्हणून फारसं आवडलं नाही.

संस्था पुढच्या वर्षी बंद पडली. विमानाचा एक भाग मिळेना, आणि डायरेक्टरांचं मनही दुसरीकडे लागलं होतं. कॅप्टनसाहेब मुलाकडे नागपूरला गेले. मला कॉलेजची जागा मिळाली, निघायची तशी निघाली, काहीच न कळवता.

काही वर्षांनी देवास गेटला बससाठी उभी होते तेव्हा समोर एक गाडी थांबली आणि काच खाली झाली. डायरेक्टर. आता त्यांचं शहराबाहेर मॅरेज गार्डन होतं, हजार माणसांचं. घरच्यांची चौकशी झाली. मग ते म्हणाले, "मैडम, अच्छा हुआ मिल गईं. गार्डन के ऊपर एक बड़ा गुब्बारा छोड़ना है, लाइट वाला, रस्सी से बँधा हुआ. कितना ऊपर तक ठीक रहेगा?"

मी म्हटलं, इंदूरच्या विमानतळाला लिहून विचारा.

"वो तो महीना लगा देंगे."

"लगने दीजिए."

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मागून रिक्षावाले हॉर्न देत होते. "अच्छा," ते म्हणाले, "लिख देता हूँ."

लिहिलं की नाही मला माहीत नाही. त्या लग्नसराईत तरी फुगा कुठे दिसला नाही.